आमच्या फियाटची बखर

इतिहास लिहायचा म्हणजे आधी अस्सल साधनं हवीत, असं इतिहासाचार्य राजवाडे सांगून गेले. नुसतं सांगून थांबले नाहीत. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागदांचे रुमाल उतरवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापून काढली. माझ्याजवळ एकच खंड आहे. तोसुद्धा छापील नव्हे. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या खतावणीसारखी लांबट वही आहे ती. राजवाड्यांच्या दफ्तरांना कसर लागलेली असायची, माझ्या दफ्तराला ग्रीस लागलं आहे. त्यामुळे कसरीची बिशाद नाही त्याला हात लावायची.

ही वही म्हणजे एका मोटारगाडीचं चरित्र आहे. गाडी फियाट, मॉडेल अकराशे डी, जिला सगळे 'डिलाइट' म्हणत, साल १९६५. वहीतली पहिली आठ वर्षं दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका गृहस्थांच्या हातची, टाकाने लिहिल्यासारख्या वळणदार इंग्रजीत आहेत. पुढची सगळी माझ्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या हातची, मराठीत आणि बॉलपेनाने. मधे एका पानावर दोघांच्याही सह्या आहेत. तह झाल्यावर दोन्ही पक्षांनी मोर्तब करावं तशा. मी ते पान उघडलं की मला सालबाईच्या तहाची आठवण येते, पण सालबाईच्या तहात कोणी रडलं असेल असं वाटत नाही. इथे बावाजी रडले होते.

पण बखरीची पद्धत अशी की आधी सृष्टीची उत्पत्ती सांगायची आणि मग हळूहळू आपल्या धन्यापर्यंत यायचं. तेव्हा आधी मूळ पुरुष.

मूळ पुरुष सोलापूरचे. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. ह्या माणसाला एक खोड होती. इंग्रज सरकार जे जे म्हणून 'तुम्हांला जमायचं नाही' म्हणेल, ते ते करायला घ्यायचं. रेल्वेची कंत्राटं घेता घेता १९१९ साली त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांची 'लॉयल्टी' नावाची बोट घेतली आणि तिकडे सिंदिया कंपनी काढली. १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना काढला. बोट झाली, विमान झालं, मधे मोटार तेवढी राहिली होती. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अर्थात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ. लांबरुंद, ऐसपैस, एकेका गाडीत अख्खं एकत्र कुटुंब लोणच्याच्या बरणीसकट मावेल अशा.

तोपर्यंत आपल्याकडे मोटार 'बनत' नसे, ती 'जोडली' जाई. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, तिथे खोक्यांतून शेवरोलेचे सुटे भाग यायचे आणि इथे नटबोल्ट आवळले जायचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसते नटबोल्ट आवळणारे नकोत, भाग इथेच करायची ज्यांची तयारी असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद त्याच वर्षी गेले. त्यांनी कोणती गाडी बघायला हवी होती ती १९५४ मध्ये आली. फियाट अकराशे.

आता अकराशे हेही पूर्ण खरं नाही. इंजिन १०८९ सीसीचं. १०८९ ला अकराशे म्हणणारी ती इटालियन माणसं, पुढे आमच्या कॉलनीत लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी सोळा देते म्हणून सांगणाऱ्यांचे पूर्वज असावेत.

ती पहिली फियाट दिसायला गोल गुबगुबीत, पुढून नाकाड निघालेली. मुंबईकरांनी तिला ताबडतोब नाव दिलं: डुक्कर. इटलीतल्या थोर कारागिरांनी रात्र रात्र जागून रेखाटलेल्या त्या आकृतीला आपण एका शब्दात निकालात काढलं. आणि गंमत म्हणजे त्यात तुच्छता नव्हती हो! 'डुक्कर फियाट आहे आमच्याकडे,' हे लोक 'पैठणी आहे आमच्याकडे' ह्या सुरात सांगत. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, पाठीमागच्या बाजूला. लुगड्यातल्या बायकांना उतरायला ते फार सोयीचे, असं आमची आजी म्हणे. चालत्या गाडीत उघडले तर वाऱ्याने सताड उघडतात, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. पुढे दरवाजे सुलटे झाले, कल्ल्यांसारखे पंख निघाले, १९६४ मध्ये अकराशे डी आली. नंतर १९७२ च्या सुमारास गाडीचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. एकाच पत्र्याला डुक्कर, प्रेसिडेंट आणि पद्मिनी अशी तीन नावं मिळण्याचा योग फक्त आपल्या देशात येऊ शकतो.

इटलीत ही गाडी १९६९ च्या सुमारास थांबली. आपल्याकडे शतक संपेपर्यंत निघत राहिली. म्हणजे माहेरची माणसं विसरली तरी सासरी ती आणखी तीस वर्षं नांदली.

आता धन्याकडे यायला हरकत नाही.

त्या काळी मध्यमवर्गीय माणसाला नवी मोटार घ्यायची तर तीनच नावं होती. अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. तिघींपैकी एकीसाठी नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. नाव नोंदवताना पोरगा बालवाडीत असेल तर गाडी यायच्या सुमाराला तो मॅट्रिकला बसलेला असे, हे मी थोडं वाढवून सांगतो आहे; पण थोडंच. किमती १९६९ साली सरकारने ठरवून दिल्या, त्यावरून कारखानदार थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि मोटारीची वाजवी किंमत किती ह्याचा खल देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशांना करावा लागला. आण्णा त्या निकालाची वाट बघत होते. निकाल लागला, त्यांनी तो पेपरात दोनदा वाचला आणि जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

जुन्या गाडीच्या जाहिरातींची एक भाषा होती. 'डॉक्टरची गाडी', 'एकहाती गाडी', 'परदेशी जाणे असल्याने विकणे', असे तिचे अलंकार. पण सर्वांत वरचा अलंकार म्हणजे 'पारशाची गाडी'. मुलीच्या स्थळात 'एकुलता एक' म्हटलं की जसे आईबाप सावरून बसत, तसे लोक 'पारशाची गाडी' म्हटलं की सावरून बसत. आण्णा आणि मी, मी तेव्हा अकरा वर्षांचा, दसऱ्याच्या आधी पारशी कॉलनीत गेलो. बावाजींनी गाडी दाखवायच्या आधी आण्णांनाच पंधरा मिनिटं पाहिलं. नोकरी काय, गाडी कुठे उभी करणार, वर छप्पर आहे का, चालवणार कोण. मग म्हणाले, "तुम्ही हॉर्न लई वाजवते काय?" आण्णा म्हणाले, नाही. तेव्हा कुठे गॅरेजचं दार उघडलं.

आत ती उभी होती. दुधी रंगाची. बॉनेट उघडलं तर आतलं इंजिन आमच्या स्वयंपाकघरातल्या पितळी डब्यांपेक्षा चकचकीत. बावाजींनी ऑइलची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली आणि मला दाखवली. "डिकरा, सवारे पहेला ऑइल, पछी चाय." त्या वाक्याने माझा आयुष्यभर घात केला आहे. अजून सकाळचा चहा समोर आला की काहीतरी करायचं राहिल्यासारखं वाटतं.

व्यवहार ठरला, सह्या झाल्या, मग बावाजींनी ती वही आणली आणि अट सांगितली: वही गाडीबरोबर जाईल, पण लिहिणं थांबता कामा नये. एवढं बोलून ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले. मी पुढच्या सीटवर मधे बसलो होतो. फियाटची पुढची सीट अखंड, बाकासारखी, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे मधे एक पोर सहज बसे. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा बावाजी रिकाम्या गॅरेजचं दार लावत होते. फार हळू लावत होते.

वहीत आण्णांची पहिली नोंद आहे: 'गाडी घरी आणली. आईने ओवाळले. पेट्रोल १० लिटर.' त्याच आठवड्यात, ६ ऑक्टोबर १९७३ ला, तिकडे अरब-इस्रायल युद्ध सुरू झालं आणि पाठोपाठ पेट्रोल असं काही भडकलं की आण्णांनी काढलेला महिन्याच्या खर्चाचा तक्ता दिवाळीच्या आतच फराळाच्या डब्याखाली अंथरायला गेला. इजिप्तच्या सैन्याने सुएझ ओलांडायला हाच मुहूर्त का निवडावा, हे आण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. आई मात्र एवढंच म्हणाली, "अहो, निदान उभी तर छान दिसते."

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की फियाटसाठी ओढाताण झालेलं आपलं एकच घर नव्हतं. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांनी गाडीचा हट्ट धरला. फियाट बारा हजारांची, जवळ सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेत कर्जाचा अर्ज केला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, कर्ज राहिलं. ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. ही हकीकत मी आईला मोठ्या भक्तिभावाने ऐकवली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तिथंही शेवटी बायकोनंच निस्तरलं."

आमची कॉलनी पार्ल्याची. त्रेचाळीस बिऱ्हाडं आणि चार गाड्या. त्यामुळे त्या चार गृहस्थांना आडनावं उरली नव्हती. आण्णा फियाटवाले, तळमजल्यावरचे अँबॅसिडरवाले, समोरच्या इमारतीतले हेराल्डवाले आणि कोपऱ्यावरचे एक निवृत्त प्रोफेसर, मॉरिस मायनरवाले. त्यांच्या बायकासुद्धा 'हेराल्डवाल्या वहिनी' वगैरे. पोस्टमनलाही तेच सांगावं लागे.

रविवारी सकाळी साडेसातला ही मंडळी आपापली बॉनेटं उघडून उभी राहत. कीर्तनाला जावं त्या निष्ठेने. अँबॅसिडरचं बॉनेट आवाज करून उघडे. हेराल्डचं तर विचारूच नका, तिचं बॉनेट म्हणजे मडगार्डांसकट गाडीचा अख्खा पुढचा अर्धा भाग. तो पुढे कलंडून मगरीने जबडा वासल्यासारखा उघडायचा. हेराल्डवाले आत जवळजवळ चालत जाऊन चाकाला टेकून बसत आणि तिथून बोलत. इतरांना कंबर वाकवून, डोकं आत घालून बोलावं लागे, त्यामुळे एखादा पाहुणा आला तर त्याला कॉलनीत तीन धडं आणि एक संपूर्ण माणूस एवढंच दिसे.

पहिला विषय ॲव्हरेज. ॲव्हरेज ही वस्तू मोजायची नसते, जाहीर करायची असते. अँबॅसिडरवाले दहा म्हणत. प्रोफेसर चौदा म्हणत आणि लगेच 'पण मी उतारावर इंजिन बंद करतो' अशी तळटीप जोडत. आण्णांजवळ वही होती, दोन पिढ्यांचा लेखी पुरावा होता, त्यामुळे त्यांना खोटं बोलता येत नसे. बारा पॉइंट चार. ह्यावर हेराल्डवाले शांतपणे 'सतरा' म्हणत. १९७६ च्या एका रविवारी आण्णा म्हणाले, "वही दाखवा." हेराल्डवाले म्हणाले, "मी गाडी चालवतो, हिशेब तपासनीस नाही." आण्णा बँकेत हिशेब तपासनीसच होते. दोघांचं बोलणं बंद झालं ते पुढे दोन वर्षं. बॉनेटं मात्र शेजारीशेजारी उघडत राहिली. एकमेकांना काही सांगायचं असलं की ते प्रोफेसरांच्या मॉरिसला उद्देशून सांगत.

दुसरा विषय उपाय. हा ह्या बखरीचा गाभा आहे, कारण कंपनीने गाडीबरोबर दिलेल्या पुस्तकात ह्यातलं काहीही नव्हतं. पेट्रोलची टाकी झिरपली तर कपडे धुण्याचा साबण ओला करून भोकावर चोळायचा. रेडिएटर गळू लागला तर आत चमचाभर हळद टाकायची. ही गोष्ट प्रथम ऐकून आई म्हणाली, "मीठही घाला, आमटी तयार." पावसात वायपर बंद पडला तर सिगरेटची तंबाखू काचेवर चोळायची, पाणी काचेवर ठरत नाही. आण्णा सिगरेट ओढत नसत; पण पावसाळ्यात त्यांच्या गाडीत एक पाकीट असे, आणि त्यावरून आमच्या मामांनी आईला जपून चार प्रश्न विचारल्याचं मला आठवतं. आणि बोरघाट! खंडाळ्याच्या चढावर मे महिन्यात दोन्ही बाजूंना बॉनेटं उघडून गाड्या उभ्या असत, पंढरीच्या वाटेवर दिंड्या विसाव्याला थांबाव्यात तशा. इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि वाफेवर काही गाडी चालत नाही. मग त्या पंपावर, ज्याला सगळे 'एसी पंप' म्हणत, ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. किती थांबायचं? एक दशमी-चटणी खाऊन होईपर्यंत. हे माप वहीत आहे. 'घाट. एसी पंप. फडके. दोन दशम्या.' म्हणजे त्या दिवशी ऊन जास्त असणार.

ह्या चौघांच्या वर एक सर्वोच्च न्यायालय होतं. रेल्वेलाइनच्या पलीकडे एका वडाखाली गॅरेज असलेले मिस्त्री. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा लांब पेचकस इंजिनवर टेकवत, त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. मग निकाल येई: "साब, टप्पेट बोल रहा है." कधी बेअरिंग बोलायचं, कधी कॅमची साखळी. आमच्या घरात एवढं कोणी कोणाचं ऐकून घेत नसे. कार्बोरेटर उघडला की चाचा त्यातले बारीक जेट जिभेवर ठेवून फुंकर मारत आणि मला दाखवत, 'देख, इसमें से सूरज दिखना चाहिए.' प्लगमधलं अंतर ते फीलर गेजने मोजत, पण गेज बाजूला ठेवून एकदा नखानेही बघत. खरा विश्वास नखावर.

आता ज्या नोंदीसाठी मी ही वही एवढी वर्षं जपली, ती सांगतो.

जुलै १९७८. तीन दिवस पाऊस धरून होता. रात्री एकच्या सुमाराला ताईच्या पोटात दुखायला लागलं. ताई तेव्हा पंधरा वर्षांची. दुखणं ओव्याने थांबेना, गरम पिशवीने थांबेना, आणि मग तिचं अंग तापलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, अपेंडिक्स दिसतंय, उजाडायची वाट बघू नका. रस्त्यावर गुडघाभर पाणी, टॅक्सी नाही. आण्णा खाली धावले. चोक ओढला, सेल्फ मारला. गाडी नुसती कण्हली. पुन्हा मारला. बॅटरी बसत चालल्याचा आवाज यायला लागला. तोवर हँडल घेऊन आण्णा पुढे गेले आणि पावसात हँडल मारू लागले. मी छत्री धरली होती. आण्णांचा चेहरा मी त्या दिवसापर्यंत तसा पाहिला नव्हता. सकाळी आधी ऑइल बघणारा, दर रविवारी पुसणारा, प्रत्येक थेंबाची नोंद ठेवणारा माणूस तो. आणि गाडी, आज, उठत नव्हती.

समोरच्या इमारतीत दिवा लागला. हेराल्डवाले पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, डोक्यावर गोणपाट घेऊन आले. दोन वर्षांनी पहिलं वाक्य बोलले ते असं: "हँडल थांबवा, कॅप ओली असणार." बॉनेट उघडून त्यांनी डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली. आत बोटाने पुसली तर खरंच पाणी. चारही प्लग काढले, तो ऐवज गोणपाटात गुंडाळला आणि धावत आमच्या स्वयंपाकघरात. "वहिनी, तवा!" आईने काही न विचारता पोळ्यांचा तवा गॅसवर ठेवला. त्यावर चार प्लग, शेजारी जरा दूर धरलेली कॅप. हेराल्डवाले चिमट्याने प्लग परतत होते, आई उभी, आणि आतल्या खोलीत ताई कण्हत होती. मला तो वास अजून येतो. पेट्रोल, कार्बन आणि थोडी पोळी.

खाली आले, पॉइंट पॉलिशपेपरने घासले, प्लग बसवले. बॅटरी तोवर संपली होती. तेव्हा अँबॅसिडरवाले आले, बनियनवर प्रोफेसर आले, वरचे डॉक्टर आले, आणि ज्यांच्याकडे सायकलही नव्हती अशी माणसं आली. ताईला मागच्या सीटवर आडवी केली, आण्णा स्टिअरिंगवर, बाकीच्यांनी धक्का मारला. फाटकाशी जाता जाता गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि उठली. हेराल्डवाले पाण्यातून काही पावलं बरोबर धावले आणि खिडकीतून ओरडले, "चोक घालवू नका! रेस ठेवा!"

पहाटे ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. आण्णा सकाळी घरी आले, कपडेही न बदलता त्यांनी वही घेतली. नोंद अशी आहे: 'रात्री १.४०. कॅपमध्ये पाणी. पॉइंट, प्लग: हेराल्ड. ताई सुखरूप.' आणि त्याच्याखाली, वेगळ्या शाईत, बहुधा संध्याकाळी लिहिलेलं: 'हेराल्ड ॲव्हरेज १७. मान्य.'

प्लग परतलेल्या तव्यावर आईने पुन्हा पोळी केली नाही. नवा तवा आला. जुना आण्णांनी डिकीत ठेवला, स्टेपनीशेजारी. दर पावसाळ्यात तो असे.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे, कारण उतरती कळा कोणी सावकाश सांगत नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या एका गृहस्थांच्या हाती दिल्या. दोन वर्षांत आमच्या कॉलनीत तीन मारुती आल्या. छोट्या, हलक्या, किल्ली फिरवली की चालू. आम्हांला आवडल्या हो, खोटं कशाला बोला! पण रविवारी सकाळी मारुतीवाल्यांची बॉनेटं उघडेनात. आण्णा एकदा एका नव्या मारुतीवाल्याला म्हणाले, "पॉइंट कधी साफ करता?" तो म्हणाला, "सर्व्हिसिंगला देतो ना काका." आण्णांना ते उत्तर, मुलाची शाळा कोणती विचारावी आणि बाप 'बायकोला माहीत' म्हणावा, तसं वाटलं असावं. मॉरिस प्रोफेसरांच्या मागे विकली गेली. हेराल्डला सुटे भाग मिळेनात. हेराल्डवाले मुलाकडे नागपूरला गेले, जाताना फीलर गेज आण्णांना देऊन गेले. अँबॅसिडरवाल्यांनी टिकवली, पण ती कॉलनीतली नव्हे, उत्तरपाड्याचा कारखाना १९५७ पासून तीच गाडी करत होता तो थेट २०१४ पर्यंत.

आमची टिकली. मुंबईच्या खाऱ्या हवेने तळाचा पत्रा सडला, तो दोनदा बदलला. मागच्या सीटखालून काही काळ रस्ता दिसत असे आणि माझ्या मुलीला तो गाडीचा सर्वांत चांगला भाग वाटे. पंधरा वर्षांनंतरचं फेरनोंदणीचं प्रकरण, प्रत्येक वेळी आण्णा रांगेत उभे राहून कागद करून आणत. सुट्या भागांसाठी एक सोय होती: टॅक्स्या. मुंबईची काळीपिवळी म्हणजे पद्मिनीच, त्यामुळे टॅक्सी चालते तोवर आपल्याला काही कमी पडायचं नाही, असा आण्णांचा हिशेब. तो बरोबर ठरला, पण पुरा ठरलेला बघायला ते राहिले नाहीत. २००६ साली गेले. शेवटच्या नोंदीत अक्षर थरथरलेलं आहे: 'चालू करून १० मिनिटे ठेवली. आवाज ठीक.'

त्यानंतर वहीत एकही नोंद नाही. हे माझ्या चरित्रातलं पान, ते बखरकाराने टाळायचं असतं, पण टाळत नाही. मी गाडी छपराखाली ठेवली, वर ताडपत्री घातली आणि दर रविवारी ठरवत राहिलो. दोनचार वर्षांनी एकदा किल्ली फिरवली, काहीच झालं नाही, तेव्हा ताडपत्री पुन्हा ओढली. बावाजींची अट मला पाठ होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची नोंदणी असलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची झाली आणि नियमाप्रमाणे रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले. सोसायटीने त्याच महिन्यात जागा मोकळी करायची नोटीस दिली. भंगारवाला आला, गाडीला फेरी घालून वजन सांगून गेला. फियाटचं वजन विचारणारा तो पहिलाच माणूस.

मग एक मुलगा आला. पंचविशीचा, ठाण्याचा, कुठेतरी कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याच्याकडे एक पद्मिनी आहे, आणखी आठदहा मित्रांकडे आहेत, महिन्यातून एका रविवारी ते सगळे पहाटे कुठेतरी जमतात आणि बॉनेटं उघडून उभे राहतात म्हणे. मी विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" तो जरासा थांबला आणि म्हणाला, "सोळा." मी काही बोललो नाही. मग त्याने खिशातून लांब पेचकस काढला, बंद इंजिनकडे पाहिलं आणि परत ठेवला. "चालू झाल्यावर ऐकायला आणलाय." तेवढ्यावर मी गाडी दिली. ट्रकवर चढवताना मी आत येऊन बसलो. बावाजी दार हळू का लावत होते ते कळलं.

वही मात्र मी ठेवून घेतली. इतिहासाची साधनं कोणी देतं का? पाच महिन्यांत त्याने गाडी उभी केली, इंजिनचं काम केलं, तोच दुधी रंग शोधून काढला. ताईला ठाण्याला बसवून एक चक्कर मारून आणली. साठीची ताई मागच्या सीटवर आडवी होऊन बघत होती, मावते का. मावत नाही. परत आल्यावर त्याने चाचरत विचारलं, "काका, आधीचा काही सर्व्हिस रेकॉर्ड आहे का?" म्हणून येत्या रविवारी तो वही न्यायला येणार आहे, आणि म्हणून मी ही बखर घाईघाईने उतरवून घेतो आहे.

परवा सकाळी सहाला त्याचा फोन आला. ठाण्यात रात्रभर पाऊस. "काका, उठतच नाहीये. सेल्फ मारतोय, नुसती कण्हते."

"सेल्फ थांबव. बॅटरी घालवशील. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढ, आत बोट फिरव."

थोडा वेळ गेला. "पाणी आहे, काका."

"चारी प्लग काढ. आणि डिकीत स्टेपनीशेजारी बघ, एक तवा असेल."

"तो मी रंगकामाच्या वेळी भंगारात दिला. घरात आहे, पण नॉनस्टिक आहे."

"चालेल," मी म्हटलं. "पण आधी आईला विचार."